हिमोग्लोबिन ९.८, आणि डॉक्टर म्हणतात बीफ खा

निशिगंधा_ | मंगळवार, रात्री ११:०४

अडीच वर्षं झाली, नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला आहोत. माहेर साताऱ्याकडचं. घरी बुधवार-रविवार चिकन-मटण, श्रावण कडक आणि त्याआधी गटारीही तितकीच कडक. म्हणजे सामिष खाण्याचं सोवळं नाही. पण 'मोठ्याचं' घरात कधी आलं नाही. इकडेही सुपरमार्केटात खिम्याचं पाकीट उचलायचं, लेबल वाचायचं आणि परत ठेवायचं, एवढीच मजल.

गेल्या महिन्यात दोन जिने चढताना धाप लागायला लागली. इथे हिमोग्लोबिन मिलीमोलमध्ये देतात. ६.१ आकडा बघून माझं उरलंसुरलं रक्तही आटलं. मग नवऱ्याने १.६१ ने गुणायचं असतं हे शोधून काढलं. तर: हिमोग्लोबिन ९.८, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा) ७, बी१२ आपल्या पद्धतीने १६८. डॉक्टरीणबाईंनी दहा मिनिटांच्या भेटीत लोहाच्या आणि बी१२ च्या गोळ्या लिहून दिल्या आणि कोट घालता घालता म्हणाल्या, अधूनमधून थोडं बीफ खात जा.

सासूबाई म्हणतात खजूर खा. नवरा म्हणतो कोलेस्टेरॉल वाढेल. बहीण म्हणते कॅन्सर होतो. इथलं मटण मेंढीचं, त्याचा वास माझ्याने सोसत नाही.

धार्मिक बाजू माझी मी बघून घेतली आहे, त्यावर सल्ला नको. मला फक्त हे सांगा: बीफने खरंच लोह आणि बी१२ वाढतं का? आणि वाढत असेल तर त्याची किंमत शरीर दुसरीकडे कुठे मोजतं?

---

वात्रटमेला | मंगळवार, रात्री ११:१९

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. प्रतिसादांची शंभरी नक्की.

---

सुगरण_सुमन | मंगळवार, रात्री ११:४०

पालक खा हो! बीट-गाजराचा रस. माझ्या भाचीचं एका महिन्यात वाढलं. कशाला नको ते पोटात घालायचं.

---

भिंगाखाली | बुधवार, सकाळी ७:५२

मी पॅथॉलॉजिस्ट, नाशिकला लॅब आहे. रोज असे पंचवीस रिपोर्ट डोळ्यांखालून जातात.

आधी सुमनताईंना. पालकात लोह आहे, पण शरीराच्या हाती त्यातलं फारच थोडं लागतं. लोह दोन प्रकारचं. वनस्पतींतलं आणि अंड्यातलं 'नॉन-हीम', आणि मांस-मासळीत रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या आणि स्नायूंतल्या मायोग्लोबिनच्या रूपात बसलेलं 'हीम'. हीम लोह साधारण १५ ते ३५ टक्के शोषलं जातं. नॉन-हीमचं प्रमाण २ पासून २० टक्क्यांपर्यंत खालीवर होतं, आणि जेवणाबरोबर चहा घेतलात की ते खालच्याच टोकाला जातं. शिवाय मांसाची एक गंमत आहे. ताटात थोडं मांस असलं की त्याच ताटातल्या भाजी-डाळीतलं लोहही जास्त शोषलं जातं. त्यामुळे 'थोडं' बीफ म्हणणाऱ्या बाई चुकीचं बोलल्या नाहीत.

आता हिशेब करू. शिजवलेल्या १०० ग्रॅम बीफमध्ये लोह सुमारे अडीच मिलिग्रॅम. त्यातलं पाव शोषलं गेलं असं धरा, म्हणजे ०.६. पाळी चालू असलेल्या बाईचं रोजचं लोह जातं सरासरी दीड मिलिग्रॅमच्या आसपास. फेरिटिन ७ म्हणजे गंगाजळी संपून पेढी बुडाली आहे. (१५ च्या खाली गेलं की साठा संपला, असं जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी धरते.) बुडालेली पेढी बीफच्या नाण्यांनी वर येत नाही हो. आत्ता काम गोळ्यांचं आहे. बीफचा उपयोग पुढे, साठा भरल्यावर तो परत रिकामा होऊ नये म्हणून.

गोळ्या रोज घ्यायच्या की एक दिवस आड, हे डॉक्टरांना जरूर विचारा. झ्युरिकला लोह कमी असलेल्या तरुणींवर प्रयोग झाले, त्यांत एक दिवस आड घेतलेल्या गोळीतलं लोह जास्त शोषलं गेलं. एक गोळी घेतली की शरीर हेप्सिडिन नावाचं द्वारपाल-संप्रेरक वाढवतं आणि दुसऱ्या दिवशी दार अर्धं लोटून घेतं. पोटही कमी बिघडतं.

आणि एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, किती आहे? एमसीव्ही फार कमी आणि फेरिटिन मात्र चांगलं, अशी जोडी दिसली तर थॅलसेमिया मायनर या सौम्य आनुवंशिक रक्तदोषाची तपासणी करतात. तुमचं फेरिटिनच ७ आहे, म्हणजे लोहाची कमतरता नक्की. पण आपल्याकडे वर्षानुवर्षं उगीच लोह गिळणारे थॅलसेमिया मायनरवाले मी पाहिलेत, म्हणून इतर वाचकांसाठी लिहून ठेवतो.

---

निशिगंधा_ | बुधवार, दुपारी १:१५

बुडालेली पेढी! नवऱ्याला वाचून दाखवलं. एमसीव्ही ७१ आहे. आणि बी१२?

---

भिंगाखाली | बुधवार, दुपारी २:०३

बी१२ च्या बाबतीत बीफ लोहापेक्षा उजवं. १०० ग्रॅममध्ये साधारण अडीच मायक्रोग्रॅम. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस दिवसाला २.२ आहे. म्हणजे एका तुकड्यात दिवस भागला.

पण एक मेख आहे. जठरातलं इन्ट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन बी१२ चं बोट धरून त्याला आतड्यापर्यंत नेतं, आणि एका जेवणात त्याला दीड-दोन मायक्रोग्रॅमच पेलतात. त्यापुढचं बहुतेक वाया. म्हणजे रविवारी अर्धा किलो चापून आठवड्याचं बी१२ साठवलं, असं होत नाही. थोडं थोडं, दिवसांच्या अंतराने. ज्यांचं इन्ट्रिन्सिक फॅक्टरच बनत नाही, किंवा जे वर्षानुवर्षं मधुमेहाचं मेटफॉर्मिन वा ॲसिडिटीच्या गोळ्या घेतात, त्यांना नुसतं खाऊन भागेलच असं नाही.

---

एकदाचसांगतो | बुधवार, दुपारी ४:३०

सगळं ठीक. पण २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनेच बीफला सिगारेटच्या यादीत टाकलंय. हे कोणी बोलत नाही. बाकी चालू द्या.

---

भिंगाखाली | बुधवार, संध्याकाळी ६:४८

बोलू या की.

ऑक्टोबर २०१५, संस्थेचं नाव आयएआरसी, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं कर्करोग-संशोधन खातं. दहा देशांतले २२ तज्ज्ञ बसले होते. त्यांनी प्रक्रिया केलेलं मांस (सॉसेज, सलामी, हॅम, बेकन, कॉर्न्ड बीफ) गट १ मध्ये घातलं. तंबाखू त्याच गटात आहे, बरोबर. साधं लाल मांस मात्र गट २अ मध्ये, म्हणजे 'बहुधा कारणीभूत'. आणि लाल मांस म्हणजे एकटं बीफ नाही. तुमचं-आमचं बोकडाचं मटणही त्यातच, डुकराचंही. गटारीला मटणाच्या रांगेत उभं राहून बीफच्या कॅन्सरबद्दल बोलणारे पाहिले की मला मौज वाटते.

हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा ते नाही. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज. साध्या लाल मांसाचा आकडा, जर संबंध खराच कार्यकारणाचा असेल तर, रोज १०० ग्रॅममागे १७ टक्के. ज्या देशात शंभरातल्या सहा जणांना जन्मभरात हा आजार होतो, तिथे १८ टक्के वाढ म्हणजे सहाचे सात. त्याच वेळी त्यांनी दिलेले जागतिक आकडे: प्रक्रिया केलेल्या मांसाच्या अतिसेवनाशी जोडलेले कर्करोगाचे मृत्यू वर्षाला सुमारे ३४ हजार, तंबाखूचे सुमारे १० लाख. आता ठरवा यादी एक की दोन.

कारणांचं म्हणाल तर त्यात हीमच आहे! लोह देणारं तेच हीम आतड्यात नायट्रोसो जातीची संयुगं बनायला मदत करतं. सलामीत वरून नायट्राइटही घातलेलं असतं. आणि मांस जळून काळं पडेपर्यंत भाजलं की त्यात आणखी दोन प्रकारची घातक संयुगं तयार होतात. चिकन जाळलंत तरी होतातच.

'रोज' हा शब्द मात्र सोडू नका. कर्करोग-संशोधनाच्या जागतिक निधीची मर्यादा आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅम, म्हणजे साधारण तीन वेळा. प्रक्रिया केलेलं मांस जमेल तितकं टाळा.

---

तूपमीठभात | बुधवार, रात्री ९:२०

शाकाहारी बाजूने लिहिते, भांडायला नाही. ऑक्सफर्डचा मोठा अभ्यास २०१९ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. ४८ हजार माणसं, अठरा वर्षं. शाकाहाऱ्यांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार मांसाहाऱ्यांपेक्षा २२ टक्के कमी. मग निशिगंधाने उलट्या दिशेने का जावं? दूध-ताक-दही आहेच, गोळ्या आहेतच.

---

भिंगाखाली | बुधवार, रात्री ९:५१

त्याच लेखात पुढे लिहिलंय, पक्षाघात शाकाहाऱ्यांत २० टक्के जास्त. तेही सांगा ना ताई. :)

पण तुमचा मुद्दा चूक नाही. अर्धा लिटर दुधात दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास बी१२ मिळतं. प्रश्न असा की आपल्यातले किती शाकाहारी रोज अर्धा लिटर पितात? डॉ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींत बी१२ कमी निघालं. ज्या आयांचं बी१२ कमी पण फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व भरपूर, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सगळ्यांत जास्त होता. हा निबंध २००८ सालचा. फोलेट भाजीपाल्यात, बी१२ प्राण्यांत. नुसतं हिरवं खाऊन हा तराजू सरळ होत नाही.

---

ह्यूस्टनचा_तात्या | गुरुवार, पहाटे ५:१०

आता गुन्हेगाराची साक्ष घ्या.

टेक्ससात सोळा वर्षं. आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत शाकाहार सुटला आणि सातव्या महिन्यात बीफ सुरू झालं. मग थांबलंच नाही. ब्रिस्केट माहीत आहे का? छातीचा भाग, बारा-चौदा तास धुरावर. वर काळी खरपूस साल, आत बोटभर चरबी थरथरत असते. आठवड्यातून तीनदा बीफ, त्यात एकदा हे आणि दोनदा चीजबर्गर. चव्वेचाळिसाव्या वर्षी एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १७१. वडिलांना पन्नाशीत झटका आलेला, त्यामुळे डॉक्टरने माझ्याकडे असं पाहिलं की बिल आधी घेऊन ठेवावं.

तेव्हा मी लेबलं वाचायला लागलो. इथे खिमा '८०/२०' असा विकतात, म्हणजे शंभरात वीस ग्रॅम चरबी, त्यात संपृक्त (सॅच्युरेटेड) सात-साडेसात. त्याच फळीवर '९५/५' असतो, संपृक्त दोन-सव्वादोन. तोच प्राणी, तेच दुकान. मी वीस वर्षं इंजिनियर, पण दोन पाकिटांतला हा फरक मला एलडीएलने शिकवला.

बीफ सोडलं नाही. ९५/५ आणतो, त्यात निम्मा राजमा घालतो, आठवड्यातून दोनदाच. बर्गरबरोबरचे फ्राइज आणि अर्धा लिटर कोक गेला. एलडीएल आठ महिन्यांत १२८. आता यात बीफचा वाटा किती आणि कोकचा किती, देव जाणे. म्हणूनच कोणी 'बीफने माझं असं झालं' सांगायला लागलं की मी विचारतो, बरोबर काय होतं?

---

भिंगाखाली | गुरुवार, सकाळी ८:३०

तात्या, लाख बोललात. २०१९ साली ३६ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. लाल मांसाची इतर सगळ्या आहारांशी मिळून तुलना केली तर एलडीएलमध्ये ठोस फरक दिसेना. तेच लाल मांस बाजूला ठेवून डाळी-सोया-दाणे अशी चांगली वनस्पती-प्रथिनं दिलेल्यांशी तुलना केली, तेव्हा डाळवाल्यांचं एलडीएल जास्त उतरलेलं. बीफच्या जागी मैद्याचा पाव खाल्लात तर काही कमावलं नाहीत. बीफच्या जागी उसळ खाल्लीत तर कमावलंत.

त्याच वर्षी एका गटाने 'लाल मांस कमी करायची गरज नाही, खाताय तेवढं खात राहा' अशी शिफारस छापली आणि आहारतज्ज्ञांत रणकंदन झालं. त्यांचं म्हणणं होतं की पुरावा कच्चा आहे. आहारशास्त्रात पुरावा बहुधा कच्चाच असतो. वीस वर्षं कोणाला कोंडून बीफ खायला घालता येत नाही.

मधुमेहाचाही विचार करा, आपल्या लोकांनी विशेष. हार्वर्डच्या २०२३ च्या अभ्यासात सगळ्यांत जास्त लाल मांस खाणाऱ्यांत मधुमेह सगळ्यांत कमी खाणाऱ्यांपेक्षा ६२ टक्के जास्त निघाला. निरीक्षणाचा अभ्यास आहे, पण घरात मधुमेह असेल तर कानाआड करू नका.

---

गोठ्यातला_डॉक्टर | गुरुवार, दुपारी १२:४४

मी माणसांचा नाही, जनावरांचा डॉक्टर. सांगली जिल्हा.

या धाग्यात सगळे 'बीफ' म्हणताहेत, पण बोलताहेत वेगवेगळ्या जनावरांबद्दल. महाराष्ट्रात गोहत्या बंदी १९७६ च्या कायद्याने होतीच. २०१५ मध्ये बैल-वळूंनाही लागू झाली. त्यामुळे मुंबई-पुण्यात हॉटेलच्या मेनूवर काहीही लिहिलेलं असो, कायदेशीर दुकानातून ताटात येते ती म्हैस किंवा रेडा. आणि म्हशीचं मांस हा वेगळाच माल. कच्च्या शंभर ग्रॅममध्ये वीस ग्रॅम प्रथिनं आणि चरबी जेमतेम दीड ग्रॅम. तात्यांच्या ८०/२० शेजारी ठेवून बघा. आमची म्हैस मका खाऊन गोठ्यात लोळत नाही. दहा वेतं देऊन भाकड झाली की जाते. अंगावर असतं काय?

ओळखायचं कसं विचारतात लोक. चरबी बघा. गाय चाऱ्यातलं कॅरोटीन चरबीत साठवते म्हणून पिवळट छटा असते. म्हैस कॅरोटीनचं जीवनसत्त्व अ करून टाकते, म्हणून चरबी पांढरीशुभ्र. लोण्यात बघता ना, तोच फरक.

म्हाताऱ्या जनावराचं मांस चिवट. त्याला कच्ची पपई आणि कुकरच्या सहा-सात शिट्ट्या. त्यामुळे आपल्याकडे ते कच्चं राहण्याचा प्रश्न येत नाही.

---

निशिगंधा_ | गुरुवार, रात्री १०:२२

कच्च्यावरून आठवलं, हे सांगायचंच राहिलं होतं. गेल्या शुक्रवारी ऑफिसात एकाचा वाढदिवस होता. इथे सगळे गोल करून बसतात आणि ज्याचा वाढदिवस आहे तोच सगळ्यांना खायला आणतो. टोस्टवर गुलाबी चटणीसारखं काहीतरी फासलेलं, वर बारीक कांदा. मला वाटलं बिटाचं असेल. दोन खाल्ले. थंड, मऊ, किंचित आंबूस-तिखट. छान लागलं! मग विचारलं तर म्हणाला, 'फिले अमेरिकन'. म्हणजे काय? तर कच्चं बीफ, वाटून. तिसरा टोस्ट हातातच राहिला.

तर मंडळी, आयुष्यातलं पहिलं बीफ मी कच्चंच खाल्लं आहे. आता काय होईल?

---

वात्रटमेला | गुरुवार, रात्री १०:२९

साताऱ्याची वाघीण. _/\_

---

गोठ्यातला_डॉक्टर | गुरुवार, रात्री ११:०२

आठवडा होत आला ना? पोट ठीक असेल तर वाचलात. पुन्हा नको, आणि दिवस राहिले असतील-राहायचे असतील तर अजिबात नको. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी कच्च्या मांसातून येतो आणि गर्भाला भोवतो.

अख्ख्या स्टेकचं आणि खिम्याचं गणित वेगळं असतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. जंतू असतात मांसाच्या पृष्ठभागावर. स्टेक दोन्हीकडून तव्यावर नीट शेकला की ते मरतात, आत गुलाबी राहिला तरी बहुधा चालतं. खिमा करताना बाहेरची बाजू आत जाते. म्हणून खिमा, कबाब, बर्गर हे मधोमध ७१ अंशांपर्यंत शिजलेच पाहिजेत. १९९३ साली अमेरिकेत कच्चट हॅम्बर्गरमधून ई. कोलायची साथ आली, सातशेवर लोक आजारी पडले आणि चार मुलं गेली.

आणि पाकिटात साचतं ते लाल पाणी रक्त नसतं. ते मायोग्लोबिन. भिंगाखालींनी सांगितलेलं हीम लोह ते हेच.

बीफचा पट्टकृमी वेगळा, डुकराचा वेगळा. मेंदूत गाठी करतो तो डुकराचा. बीफवाला आतड्यात लांबच लांब वाढतो, पण मेंदूकडे जात नाही. रात्रीच्या जेवणाच्या वेळी लिहिलं त्याबद्दल माफी.

---

मडगांवकार | शुक्रवार, दुपारी ३:१८

निशिगंधाबाय, तुमच्या तिथे बीफचं क्रोकेट मिळतं ना, पावात घालून? आमच्या मडगावच्या बेकरीतही क्रोकेट. लांबटगोल, रव्यात घोळून तळलेलं, आत बारीक वाटलेलं बीफ. पोर्तुगीजांनी आणलं आणि आम्ही त्यात मिरची घातली. तुमच्याकडच्यात मसाला नावालाच असणार.

गोव्यात बीफ हा सणाचा पदार्थ नाही, रोजचा. निदान आमच्या ख्रिश्चन शेजाऱ्यांकडे. मी हिंदू, माझ्या घरात नाही शिजत, पण रुलाद मी त्यांच्याकडे खाल्लं आहे आणि नाही म्हणणार नाही. २०२१ च्या सुरुवातीला कर्नाटकाचा नवा कायदा लागू झाला आणि आमच्याकडे येणारी जनावरं थांबली. बाजार काही दिवस रिकामा. तेव्हा शेजारच्या मारीमावशीने चोरिस जास्त आणायला सुरुवात केली. आता सांगा डॉक्टर, ताज्या बीफच्या जागी डुकराचं खारवलेलं-धुरावलेलं सॉसेज, ह्यात तब्येतीचं भलं झालं की वाईट?

---

भिंगाखाली | शुक्रवार, संध्याकाळी ५:००

मावशींचं वाईट झालं. चोरिस गट १ मध्ये. (चवीबद्दल मी काहीच म्हणालो नाही.)

---

चुलीम्होरं | शुक्रवार, रात्री ११:३६

चार दिवस वाचतोय, लिहू का नको करत होतो. लातूर जिल्हा. बीफ हा शब्द आम्ही शहरात आल्यावर शिकलो. घरी 'मोठ्याचं'च.

आज्जी बाजारच्या दिवशी आणायची. अर्धं त्या रातच्याला कालवणात, उरलेल्याच्या चान्या. हाताएवढ्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद चोळायची आणि अंगणात दोरीवर कपड्यासारख्या वाळत घालायच्या. कावळे हाकायला मी, हातात तुराटी घेऊन. तीन-चार दिवसांत कडकडीत. मग गाडग्यात भरून फडकं बांधायचं. पावसाळ्यात कामं बंद असली की एकेक काढायची, निखाऱ्यावर टाकायची, फुगून चर्रर वाजली की पाट्यावर ठेचायची आणि लसूण-मिरचीबरोबर भाकरीवर. आमच्यात बाळंतिणीला पहिला घास त्याचाच.

आजोबांनी मेलेलं जनावर ओढणं आणि खाणं दोन्ही सोडलं. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी सांगितलं होतं, आमच्या वाडीत ते पोचायला वेळ लागला, पण पोचलं. विकतचं मात्र चालू राहिलं, कारण मटण परवडत नव्हतं. आजही परवडत नाही. आता आई ब्रॉयलर आणते. तिचं हिमोग्लोबिन ८. आशाताई गोळ्या देऊन जातात, त्या फ्रिजवर पडून असतात, कारण घेतल्या की पोट बिघडतं.

तुमच्या हिशेबात ब्रॉयलरमध्ये किती लोह बसतं, सांगता का?

---

भिंगाखाली | शनिवार, सकाळी ७:१५

बीफच्या निम्म्याहूनही कमी. छातीचा तुकडा असेल तर शंभर ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमसुद्धा धड नाही. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी आहेत, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ ला निघालं. तुमची आई त्यातलीच एक.

तिच्यासाठी तीन गोष्टी सांगतो. गोळी जेवणानंतर घेऊ दे, एक दिवस आड चालेल का ते आशाताईंमार्फत डॉक्टरांना विचारा. चहा जेवणाआधी-नंतर तासभर नको. आणि ब्रॉयलर आणताच आहात तर कलेजी मागून घ्या. लोह आणि बी१२ दोन्हींत ती छातीच्या तुकड्याला कुठल्या कुठे मागे टाकते, आणि बहुतेक दुकानांत स्वस्तही मिळते. (गरोदर बाईने मात्र कलेजी टाळावी, त्यात जीवनसत्त्व अ फार असतं.) आणि तिचं वय काय? पाळी जाऊनही हिमोग्लोबिन ८ असेल तर रक्त कुठून जातंय ते शोधायला हवं. नुसतं खाण्यावर सोडू नका.

---

गोठ्यातला_डॉक्टर | शनिवार, सकाळी ९:४०

चुलीम्होरं, तुमच्या आजोबांनी मेलेलं सोडलं ते माझ्या शास्त्राच्या दृष्टीनेही मोलाचं. काळपुळीने मेलेलं जनावर कापलं तर कापणाऱ्यालाच काळपुळी होते. कत्तलखान्यात जनावर आधी जिवंतपणी तपासतात, मग यकृत-फुप्फुसं कापून बघतात, ते उगीच नाही.

अवांतर: गिधाडं का गेली आठवतंय? जनावराला दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मढ्यात उरायचं, ते खाऊन त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

---

तिसऱ्याचं_कालवण | शनिवार, दुपारी १२:२२

रत्नागिरीतून हळूच: बी१२ साठी एवढा आटापिटा कशाला? वाटीभर तिसऱ्या खा. बीफच्या कित्येक पट. नेदरलँड्सला समुद्र आहे ना? शिंपल्या मिळतातच की.

---

राखणदार (संपादक मंडळ) | शनिवार, दुपारी ४:०५

कायदा योग्य की अयोग्य यावरचे आणि 'तुम्ही लोक' असे शब्द असलेले अकरा प्रतिसाद उडवले आहेत. या धाग्याचा काश्मीर, म्हणजे न संपणारं भांडण, होऊ देणार नाही.

---

निशिगंधा_ | दहा आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:४८

धागा वर काढतेय. हिमोग्लोबिन ७.४, म्हणजे आपलं ११.९. फेरिटिन २२. बी१२ ही वर. जिना चढताना फोनवर बोलू शकते.

गोळ्या एक दिवस आड, डॉक्टरीणबाईंना विचारून. बीफ आठवड्यातून दोनदा, शिजवलेलं शंभर-सव्वाशे ग्रॅम. इथला सगळ्यांत कमी चरबीचा खिमा आणते, तात्यांच्या राजम्याऐवजी मसूर. सलामी नाही. तो गुलाबी टोस्ट तर नाहीच. तिसऱ्यावाले, शिंपल्या मिळाल्या! काळ्या, किलोच्या डब्यात. पांढऱ्या वाइनमध्ये शिजवतात इथे, मी ओल्या नारळात केल्या.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा खिमा शिजत असताना मी खिडक्या उघडून बाल्कनीत उभी होते. कुकर नवऱ्याने उतरवला. पहिला घास घेतला तर आईच्या हातचा काळा मसाला लागला, बाकी काही नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं खजुराने वाढलं.

---

भिंगाखाली | रविवार, रात्री १०:३०

अभिनंदन. नव्वद टक्के श्रेय गोळ्यांचं, हे एक पॅथॉलॉजिस्ट म्हणून नोंदवतो. गोळ्या इतक्यात थांबवू नका, साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात.

---

चुलीम्होरं | रविवार, रात्री १०:५५

आईचं वय ५३. तुम्ही म्हणालात म्हणून दाखवलं. गर्भाशयात गाठ निघाली, साधी आहे, पुढच्या महिन्यात ऑपरेशन. कलेजी चालू केली. गोळ्या जेवणावर घेते.

निशिगंधाताई, मसुराआधी खिमा नुसता कोरडा परतून त्याचं पाणी आटवता का? आटवा. नाहीतर पांचट लागतो.

---

निशिगंधा_ | रविवार, रात्री ११:०१

नव्हते आटवत! म्हणूनच. मंगळवारी करून बघते. आईंच्या ऑपरेशनचं कळवा.